दोन वाशी, दोन पाणी आणि एक काचपेटी

महाराष्ट्रात वाशी नावाची दोन ठिकाणे सर्वपरिचित आहेत. एक खाडीकाठचे, नवी मुंबईतील गजबजलेले उपनगर. दुसरे बालाघाटाच्या पठारावरील, धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. दोन्हींच्या नावात फरक नाही. पाण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवी मुंबईच्या वाशीला रायगड जिल्ह्यातील मोरबे धरणाचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या उतारावर धो-धो कोसळलेला पाऊस थेट धरणात साठतो आणि दगडमातीशी फारसा सहवास न घडताच नळाला येतो. धाराशिवच्या वाशीकडे पावसाची कृपा जेमतेम. त्या परिसरात विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरायचे म्हणजे खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेले, खनिजे पोटात घेतलेले पाणी वापरायचे. एक पाणी मृदू, दुसरे कठीण.

हा फरक माणसाला साबणाच्या फेसावरून कळतो. माशाला तो जिवावर बेतून कळतो. मुंबईतील कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानातून प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत निळ्या-लाल झळाळीचे निऑन टेट्रा घ्यावेत, रात्रभर प्रवास करून मराठवाड्यातील घरी आणावेत, मुलांच्या उत्साहात काचपेटीत सोडावेत आणि दोन-चार दिवसांत एकेक करून ते तळाशी निपचित पडावेत, हा अनुभव अनेक घरांत आलेला असतो. पाणी तर आरशासारखे स्वच्छ. खाद्य वेळेवर. पंप सुरू. मग चुकले काय? दोष दुकानदाराला, पिशवीला, प्रवासाला किंवा नशिबाला दिला जातो. पाण्याच्या काठिण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

खडकाने दिलेली देणगी

मराठवाड्याचे पाणी कठीण का, याचे उत्तर पायाखालच्या काळ्या पाषाणात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड लाव्हा उद्रेकांतून दख्खनचे पठार घडले. हा बेसॉल्ट खडक कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेल्या खनिजांनी समृद्ध आहे. पावसाचे पाणी जमिनीत झिरपताना मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून मातीत साठलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. हे सौम्य आम्ल खडक अत्यंत संथपणे विरघळविते. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. काळ्या मातीत जागोजागी आढळणारे चुनखडीचे खडे त्यात आणखी भर घालतात. पाणी खडकाच्या सहवासात जितके अधिक राहील, तितकी खनिजांची शिदोरी जड होते. म्हणूनच उथळ विहीर आणि खोल कूपनलिका यांच्या पाण्यात एकाच वस्तीतही बराच फरक आढळू शकतो.

शालेय पाठ्यपुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन म्हटले जाई. बोलीत त्याला जड पाणी म्हणतात. गृहिणींना त्याची ओळख प्रयोगशाळेविनाच पटलेली असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाणी तापविण्याच्या विजेच्या कांडीवर पांढरी पुटे चढतात, स्टीलच्या भांड्यांवर पाणी वाळले की डाग उमटतात. ज्या घरात ही लक्षणे आहेत, तेथील काचपेटीतील पाणीही कठीण असणार, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. काचेच्या वरच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर उमटणारी पांढरी किनार हा त्याचाच पुरावा होय.

एक नव्हे, दोन काठिण्ये

मत्स्यपालनाचा विचार करताना काठिण्य हा एकच शब्द पुरेसा ठरत नाही. त्याचे दोन भाग वेगळे समजून घ्यावे लागतात. पहिले एकूण काठिण्य. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती आहे, हे ते सांगते. माशांची हाडे, खवले, गोगलगाईंचे शंख आणि कोळंबीचे कवच यांच्या वाढीशी या खनिजांचा थेट संबंध आहे. दुसरे कार्बोनेट काठिण्य. हे प्रत्यक्षात बायकार्बोनेट व कार्बोनेट यांचे, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचविण्याच्या क्षमतेचे मोजमाप आहे. शास्त्रीय परिभाषेत याला अल्कता म्हणतात. पाण्याचा सामू स्थिर ठेवण्याचे काम हा दुसरा घटक करतो.

काचपेटीत माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. गाळणीतील उपकारक जिवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या प्रक्रियेत आम्ल निर्माण होते आणि ते अल्कता खात जाते. प्रत्येक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम अल्कता खर्ची पडते. मृदू पाण्यात ही शिल्लक मुळातच तुटपुंजी असते. ती संपली की सामू एका रात्रीत कोसळू शकतो. कठीण पाण्याच्या खात्यात मात्र ही पुंजी भरपूर असते. मराठवाड्यातील मत्स्यप्रेमींनी आपल्या पाण्याला दूषणे देण्यापूर्वी त्याचा हा गुण ध्यानात घ्यायला हवा. अशा पाण्यातील काचपेटी सहसा अचानक दगा देत नाही.

अर्थात, या गुणाला एक दुसरी बाजूही आहे. बायकार्बोनेटयुक्त पाण्याचा सामू बहुधा ८ च्या आसपास राहतो. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातील एक रूप तुलनेने निरुपद्रवी, तर दुसरे अत्यंत विषारी. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल तर विषारी रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. त्यामुळे कठीण पाण्याच्या पेटीत माशांची गर्दी आणि अतिरिक्त खाद्य या चुका अधिक महाग पडतात. नव्या पेटीत पहिला महिना मोजकेच मासे ठेवावेत हा सल्ला सर्वत्र दिला जातो. मराठवाड्यात तो अधिकच कटाक्षाने पाळावा लागतो.

मोजल्याविना निदान नाही

काठिण्य कॅल्शियम कार्बोनेटच्या तुलनेत, मिलिग्रॅम प्रतिलिटर या एककात मांडले जाते. सर्वसाधारणपणे ६० पर्यंतचे पाणी मृदू, ६१ ते १२० मध्यम, १२१ ते १८० कठीण आणि त्यापुढचे अतिकठीण मानतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०१२ च्या मानकात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा दिली असून, दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत मुभा ठेवली आहे. याचा अर्थ असा की माणसाला पिण्यास चालणारे पाणी माशांच्या हिशेबात अतिकठीण असू शकते. मत्स्यालयाच्या दुकानांत व पुस्तकांत जर्मन अंश हे एककही आढळते. एक जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. म्हणजे ४०० मिलिग्रॅमचे पाणी साधारण साडेबावीस अंशांचे झाले.

घरच्या घरी अंदाज घेण्याचा सर्वांत जुना मार्ग साबणाचा. दोन सारख्या बाटल्यांत अनुक्रमे घरचे पाणी आणि स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी घ्यावे, दोन्हींत साबणाच्या द्रावणाचे सारखेच थेंब टाकून हलवावे. पावसाच्या पाण्यावर दाट फेस येईल; कठीण पाण्यात साय धरल्यासारखा पांढुरका गाळ दिसेल. या प्रयोगासाठी अंगाचा खरा साबण हवा. शॅम्पू किंवा कपड्यांची पावडर वापरल्यास कठीण पाण्यातही फेस येतो आणि अंदाज चुकतो. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी याच तत्त्वावर काठिण्यमापनाची पद्धत बसविली होती.

नेमका आकडा हवा असल्यास मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा थेंबांचा तपासणी संच उपयोगी पडतो. ठरावीक पाण्यात रंग बदलेपर्यंत एकेक थेंब टाकायचा. बहुतेक संचांत एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश. पाणी फारच कठीण असेल तर थेंब मोजून कंटाळा येतो आणि द्रावणही संपते. अशा वेळी निम्मे शुद्धोदक मिसळून तपासावे व आलेले उत्तर दुप्पट करावे. संच खरेदी करायचा नसेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळांचा पर्याय आहे. तेथे पाण्याचा नमुना देताना एकूण काठिण्य, अल्कता आणि सामू हे तीन आकडे आवर्जून मागावेत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जलशुद्धीकरण यंत्रांचे विक्रेते खिशातून टीडीएस मीटर काढून पाण्यात बुडवितात आणि येणाऱ्या आकड्याने घरच्यांना घाबरवितात. हा मीटर पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांचा एकत्रित अंदाज देतो. त्यात कॅल्शियमही आले, सोडियमही आले, शेतातून झिरपलेले नायट्रेटही आले. काठिण्य किती, हे तो सांगत नाही. दोन पाण्यांचा टीडीएस सारखा असूनही एक कठीण आणि दुसरे खारे असू शकते. अर्थात, रोजच्या रोज पाणी बदलले की काय, एवढे ओळखण्यासाठी हा स्वस्त मीटर उत्तम.

माशाच्या शरीरात काय घडते?

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. त्यामुळे कल्ल्यांवाटे पाणी सतत शरीरात शिरत राहते व क्षार बाहेर झिरपू पाहतात. मासा अहोरात्र मूत्रपिंडावाटे पातळ मूत्र बाहेर टाकून आणि कल्ल्यांतील विशिष्ट पेशींच्या साह्याने क्षार पुन्हा ओढून घेऊन हा तोल सांभाळतो. पाण्यातील कॅल्शियम कल्ल्यांच्या पातळ पडद्यांतून होणारी ही गळती कमी करते. ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, त्या पाण्याच्या बेताने प्रत्येक जातीची ही यंत्रणा बसलेली असते.

निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा आणि डिस्कस हे अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील मासे. तेथील अनेक उपनद्यांचे पाणी जवळजवळ पावसाच्या पाण्याइतके मृदू असते. अतिकठीण पाण्यात हे मासे काही काळ जगतात, पण रंग फिका पडतो, आयुष्य घटते आणि प्रजनन तर जवळपास अशक्य होते. अंडी फळत नाहीत. याउलट मोली हा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील मासा खनिजयुक्त पाण्यातच खुलतो. त्याला मृदू पाण्यात ठेवले तर तो पर मिटून, जागच्या जागी डुलत राहतो. गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्ले देणारी मंडळी त्याच गोत्रातील. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराचे पाणी अल्कधर्मी व खनिजयुक्त असल्याने तेथील सिचलिड जातीही मराठवाड्याच्या पाण्यात सुखाने राहतात.

मात्र येथे एक विवेक ठेवावा लागतो. बाजारात मिळणारे बहुतेक मासे जंगलातून पकडलेले नसतात. देशातील शोभिवंत माशांची मोठी पैदास पश्चिम बंगाल आणि तामिळनाडूत होते. हौदांत जन्मलेला एंजल किंवा गौरामी आपल्या रानातील पूर्वजांपेक्षा पाण्याच्या बाबतीत अधिक सोशिक असतो. त्यामुळे मासा कोणत्या जातीचा, याबरोबरच तो कोणत्या पाण्यात वाढला, हे दुकानदाराला विचारले पाहिजे. दोन-चार दिवसांत होणारे मृत्यू बहुधा कठीण पाण्यामुळे होत नाहीत. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात झालेल्या अचानक बदलामुळे होतात. माशाला आकड्यापेक्षा धक्का अधिक मारतो.

म्हणूनच नवा मासा आणल्यावर पिशवी थेट पेटीत रिकामी करू नये. आधी पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे. मग मासे पिशवीतील पाण्यासह एका भांड्यात घ्यावेत आणि पेटीतील पाणी बारीक नळीने थेंब-थेंब त्यात सोडावे. औषधाच्या दुकानात मिळणारी सलाइनची नवी नळी याकामी सर्वांत सोयीची, कारण तिच्या चाकाने थेंबांचा वेग कमी-जास्त करता येतो. तास-दीड तासात भांड्यातील पाणी तिप्पट झाले की मासे जाळीने उचलून पेटीत सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. मुंबई-पुण्याच्या मृदू पाण्यातून आलेल्या माशांसाठी एवढी सबुरी अनेकदा जीवन-मरणाचा फरक ठरते. प्रवास लांबचा असेल तर पिशवीत अमोनिया साचलेला असतो, त्यामुळे अशा वेळी तासाहून अधिक वेळ लावू नये.

उन्हाळ्याचा छुपा हिशेब

मराठवाड्यातील काचपेटीला खरा धोका एप्रिल-मे महिन्यांत असतो. बाष्पीभवनाने पाण्याची पातळी रोज खाली जाते आणि घरातील मंडळी त्यात नळाचे पाणी भरत राहतात. पेटी काठोकाठ भरलेली दिसते, म्हणून सारे आलबेल वाटते. पण वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात.

हिशेब मांडून पाहावा. समजा, पेटी १०० लिटरची आहे आणि पाण्याचे काठिण्य ४०० मिलिग्रॅम. म्हणजे पेटीत एकूण ४० ग्रॅम क्षार झाले. आठवड्याला १० लिटर पाणी उडून गेले आणि तेवढेच त्याच प्रतीचे पाणी भरले, तर दर आठवड्याला ४ ग्रॅमची भर पडते. दहा आठवड्यांत क्षार ४० चे ८० ग्रॅम होतात. काही भाग पांढऱ्या पुटाच्या रूपाने काचेवर बसतो हे खरे, पण पाणी मूळच्या जवळपास दुप्पट कठीण होण्याच्या वाटेवर असते. अशा पेटीत जुने मासे हळूहळू रुळलेले असतात आणि नवा आणलेला मासा मात्र पहिल्याच दिवशी मरतो. घरच्यांना त्याचे कोडे उलगडत नाही.

यावर उपाय दोन. पहिला, नुसते पाणी न भरता दर आठवड्याला पेटीतील पंधरा ते वीस टक्के पाणी काढून मगच नवे भरणे. त्याने साचलेले क्षार बाहेर जातात. दुसरा, बाष्पीभवनाची तूट शक्यतो मृदू पाण्याने भरून काढणे. पेटीवर काचेचे झाकण ठेवल्यास वाफेचे प्रमाण बरेच घटते. पाणी आणि विचार दोन्ही वाचतात. काढलेले पाणी गटारात ओतू नये. त्यात नायट्रेट असल्याने तुळशीला, परसातील झाडांना ते खताइतकेच उपयोगी पडते.

मृदू पाणी आणायचे कोठून?

काठिण्य कमी करण्याचे जे उपाय सांगितले जातात, ते सर्व सारखे नाहीत. पाणी उकळल्यास बायकार्बोनेटशी निगडित असलेले, म्हणजे तात्पुरते काठिण्य खाली बसते. सल्फेट व क्लोराइडशी निगडित असलेले कायम राहते. पाच-दहा लिटरसाठी हा उपाय ठीक, पण इंधनाचा खर्च आणि निवविण्याचा वेळ पाहता मोठ्या पेटीला परवडत नाही. बंगल्यांत व वसतिगृहांत बसविली जाणारी मीठ घालण्याची मृदूकरण यंत्रे कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतात. कपडे धुण्यास ते उत्तम. मत्स्यालयास मात्र निरुपयोगी, कारण क्षारांचा एकूण भार तेवढाच राहतो आणि माशाला हवे असलेले कॅल्शियम मात्र जाते.

आरओ यंत्र बहुतांश क्षार खरोखर काढते. परंतु त्याची किंमत पाण्यातच मोजावी लागते. साधे घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. पेटीला आठवड्याला १० लिटर आरओचे पाणी द्यायचे म्हटले, तर वीस-तीस लिटर वाया जाते. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे जलजीवन मिशनचे उद्दिष्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या उधळपट्टीचे वजन कळते. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच पठारावर माशांसाठी बादल्याच्या बादल्या पाणी मोरीत सोडणे कोणत्याही छंदाला शोभणारे नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये आरओ यंत्रांतून किमान ६० टक्के पाणी वापरात यावे, अशी भूमिका घेतली होती. घरात पिण्यासाठी यंत्र असेलच, तर बाहेर पडणारे पाणी लादी पुसण्यासाठी व शौचालयासाठी साठवावे. पेटीत ते चुकूनही घालू नये, कारण क्षार त्यातच एकवटलेले असतात.

सर्वांत उत्तम मृदू पाणी फुकट मिळते आणि तेही आकाशातून. दहा चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५० लिटर पाणी गोळा होते. आठवड्याला १० लिटर या हिशेबाने ते पंचवीस आठवडे पुरेल. कमी पावसाच्या वाशीतही हंगामात असे एक-दोन पाऊस सहसा लाभतात. पहिल्या एक-दोन सरी वाहू द्याव्यात, म्हणजे छतावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा निघून जाते. नंतरचे पाणी फडक्यातून गाळून प्लास्टिकच्या स्वच्छ पिंपात, घट्ट झाकण लावून, सावलीत ठेवावे. झाकण सैल राहिल्यास डासांची पैदास होते, याचे भान हवे. नव्या जस्ती पत्र्यावरून आलेले पाणी मात्र टाळावे; त्यातील जस्त माशांना घातक ठरते.

पावसाचे पाणी निव्वळ वापरायचे नसते. त्यात खनिजे नसतात, अल्कता नसते. तशा पाण्याचा सामू तग धरत नाही. ते घरच्या पाण्यात मिसळायचे. ४०० मिलिग्रॅमचे निम्मे आणि पावसाचे निम्मे मिळून साधारण २०० चे पाणी होते; एक भागास तीन भाग मिसळल्यास १०० चे. हे बदलही एकदम करू नयेत. दर आठवड्याच्या पाणीबदलातून महिना-दीड महिन्यात अपेक्षित आकड्याकडे सरकावे आणि एकदा पोचल्यावर तेच प्रमाण वर्षभर टिकवावे.

टाळण्याजोग्या चुका

सामू कमी करण्याची द्रावणे दुकानांत मिळतात. अल्कता भरपूर असलेल्या पाण्यात ती टाकली की सामू काही तास खाली येतो आणि पुन्हा मूळपदावर जातो. मालक पुन्हा द्रावण टाकतो, सामू पुन्हा वर जातो. या झोक्याने मासे बेजार होतात. लिंबू किंवा व्हिनेगर पिळण्याचा घरगुती उपायही त्याच कारणाने त्याज्य. देशी बदामाची वाळलेली पाने पाण्याला तपकिरी छटा देतात आणि काही माशांना ती मानवतात, पण अतिकठीण पाण्याचे काठिण्य त्यांनी घटत नाही.

पेटीच्या सजावटीतही काठिण्य दडलेले असते. कोकणातून हौसेने आणलेले शंख-शिंपले, पोवळ्यांचे तुकडे, संगमरवराची खडी आणि ओढ्याकाठची चुनखडी ही सर्व पाण्यात संथपणे विरघळतात. दगडावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो चुनखडीचा, म्हणून बाहेर ठेवावा. परिसरातील काळा बेसॉल्टचा गोटा धुऊन खुशाल वापरावा.

कूपनलिकेचे ताजे पाणी लगेच पेटीत घालणे हीही एक नेहमीची चूक. भूगर्भातून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक आणि प्राणवायू कमी असतो. बादलीत चोवीस तास ठेवून त्यात हवेचा पंप सोडला की वायू निघून जातो व सामू स्थिरावतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही एवढ्या अवधीत बव्हंशी उडून जाते. टँकरच्या पाण्याबाबत अधिक सावध राहावे. आजचा टँकर एका विहिरीचा, उद्याचा दुसऱ्या तळ्याचा; प्रत्येक खेपेचे पाणी वेगळे. अशा दिवसांत प्रत्येक नव्या पाण्याचा टीडीएस पाहावा आणि आकडा फारच वेगळा असल्यास एका वेळी पाच-दहा टक्क्यांहून अधिक पाणी बदलू नये.

गावच्या पाण्याचे मासे

एवढा सारा खटाटोप कोणासाठी, हा प्रश्न शेवटी उरतोच. आणि त्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे. पाण्याला माशाजोगे करण्यापेक्षा पाण्याजोगा मासा निवडावा. धाराशिवच्या वाशीत मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि गप्पी यांची पेटी विनासायास बहरते. डास निर्मूलनासाठी आरोग्य विभाग गावोगावच्या हौदांत जे गप्पी मासे सोडतो, ते कठीण पाण्यात सहज तग धरतात, हे कोणीही पाहू शकते. गोल्डफिशला असे पाणी मानवते. झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब हे भारतीय मासेही सोशिक आहेत. पाणवनस्पतींत व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात. कठीण पाणी हीच त्यांची खुराकाची पिशवी. मात्र पेटीतील मासे नकोसे झाले म्हणून तळ्यात वा नदीत सोडू नयेत. परक्या जाती स्थानिक माशांचा घास घेतात.

नवी मुंबईच्या वाशीतील मत्स्यप्रेमीने निऑनचा थवा पाळावा. त्याला उलट मोलीसाठी पाण्यात खनिजे मिसळावी लागतील. धाराशिवच्या वाशीकराने मोलीची पिल्ले मोजावीत आणि पावसाचे पिंप भरले त्या वर्षी हौस म्हणून चार टेट्रा ठेवावेत. दोघांचेही पाणी चांगलेच आहे. ते फक्त वेगवेगळ्या माशांचे आहे. आपल्या अंगणातील पाण्याचा स्वभाव ओळखणे हाच या छंदाचा पहिला धडा. तो शिकलेल्या घरातील मुलाला पिशवीतून आणलेला मासा तिसऱ्या दिवशी तुळशीखाली पुरावा लागत नाही.